प्रकरण सातवे : सुटका झाली, पुढे काय?

"पोलिसांनी मुलगी सोडवली ना? मग तिला आईबापाकडे का पाठवत नाहीत? संस्थेत कशाला ठेवायचं?" कुंटणखान्यावर छापा पडल्याची बातमी वाचली की हा प्रश्न हमखास निघतो. विचारणाऱ्याच्या मनात मुलीबद्दल कळकळच असते. हरवलेलं मूल घरी पोचलं की सगळं मार्गी लागलं, असं आपण धरूनच चालतो. या प्रश्नापाठोपाठ दुसराही येतो: "एवढ्या खटपटीने सोडवलेली मुलगी संस्थेतून पळून परत त्याच ठिकाणी कशी जाते?"

दोन्ही प्रश्नांची उत्तरं एकमेकांत गुंतलेली आहेत. छापा एका रात्रीत उरकतो. त्यानंतरचं काम महिनोन्महिने आणि कधी कधी वर्षानुवर्षं चालतं. ते काम काय असतं, कोण करतं आणि कुठे अडतं, हे या प्रकरणात टप्प्याटप्प्याने पाहू. त्याआधी एक गोष्ट मनाशी पक्की करू. तस्करी करणारा माणूस मुलाकडून सर्वांत आधी स्वतःबद्दल ठरवण्याचा हक्क काढून घेतो. कुठे झोपायचं, काय खायचं, कुणाशी बोलायचं, कधी नकार द्यायचा, हे सगळं दुसराच ठरवतो. निवाऱ्याचं खरं काम म्हणजे हा हक्क त्या मुलाच्या हाती थोडा थोडा परत देणं. पुढचा प्रत्येक टप्पा आपण याच कसोटीवर तपासणार आहोत.

१. मानवी तस्करी म्हणजे नेमकं काय?

कायद्याच्या नजरेत या गुन्ह्याचे तीन भाग असतात: कृती, मार्ग आणि हेतू. माणसाला कामाच्या नावाखाली मिळवणं, एका जागेहून दुसरीकडे नेणं, लपवून ठेवणं, दुसऱ्याच्या हवाली करणं ही झाली कृती. त्यासाठी धमकी, जबरदस्ती, फसवणूक, पैशाचं आमिष किंवा आपल्या अधिकाराचा गैरवापर करणं हा झाला मार्ग. आणि शोषण हा हेतू. पूर्वी भारतीय दंड संहितेच्या कलम ३७० मध्ये असलेली ही व्याख्या आता भारतीय न्याय संहितेच्या कलम १४३ मध्ये आहे. लैंगिक शोषण, गुलामी, वेठ, भीक मागायला लावणं, अवयव काढून घेणं हे सगळं शोषणात मोडतं.

इथे दोन गोष्टी नीट समजून घ्यायला हव्यात. पहिली, पीडित व्यक्तीने 'हो' म्हटलं होतं की नाही, याने गुन्हा पुसला जात नाही. संयुक्त राष्ट्रांच्या २००० सालच्या तस्करीविरोधी करारात तर अठरा वर्षांखालच्या मुलांसाठी 'मार्ग' सिद्ध करण्याचीही गरज ठेवलेली नाही. मूल शोषणासाठी नेलं, एवढं पुरेसं आहे. भारताने २०११ मध्ये या कराराला मान्यता दिली. त्यामुळे "ती स्वतःच्या पायांनी गेली होती" हे वाक्य मुलीच्या बाबतीत बचाव ठरू शकत नाही.

दुसरी गोष्ट, तस्करी म्हणजे फक्त वेश्याव्यवसाय असं नाही. बिहारहून मुंबईच्या जरीकामाच्या खोल्यांमध्ये आणलेली, पोटमाळ्यावर दिवसरात्र सुई चालवणारी दहा-बारा वर्षांची पोरं हीसुद्धा तस्करीचीच बळी. त्यांच्यासाठी १९७६ चा वेठबिगारी निर्मूलन कायदा आहे. त्याखाली मिळणारा मुक्ततेचा दाखला हातात असेल तरच पुनर्वसनाच्या रकमेचा रस्ता खुला होतो. सोडवलेल्या मुलाला हा दाखला न देता नुसतं रेल्वेत बसवून दिलं, तर त्याचा हक्कही स्टेशनवरच राहतो. या प्रकरणातली उदाहरणं बहुतेक मुलींची आहेत. तत्त्व मात्र मुलग्यांनाही तितकंच लागू आहे.

२. १९९६ मध्ये मुंबई काय शिकली?

वेश्यावस्तीत ठेवलेल्या अल्पवयीन मुलींबद्दल वर्तमानपत्रात आलेल्या मजकुराची मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली आणि फेब्रुवारी १९९६ मध्ये मुंबईत मोठे छापे पडले. काही दिवसांत शेकडो मुली आणि बायका बाहेर काढल्या गेल्या. त्यांत नेपाळहून आणलेल्या मुलींची संख्या मोठी होती.

मग प्रश्न उभा राहिला, यांना ठेवायचं कुठे? इतक्या जणींना पुरेल एवढी जागा, माणसं, औषधं, त्यांची भाषा बोलणारे समुपदेशक, यांतलं काहीच तयार नव्हतं. मुली राज्यभरच्या शासकीय गृहांत वाटल्या गेल्या. नेपाळी मुलींचा मायदेशी जाण्याचा मार्ग कागदपत्रांत अडकला, कारण अनेकींकडे नागरिकत्वाचा कुठलाही पुरावा नव्हता. अखेर नेपाळमधल्या स्वयंसेवी संस्थांनी पुढाकार घेतला आणि त्याच वर्षी शंभराहून अधिक मुली काठमांडूला परतल्या.

पुढे जे घडलं ते प्रत्येक वाचकाला ठाऊक असायला हवं. परतलेल्या मुलींपैकी काही जणींनी एकत्र येऊन 'शक्ती समूह' ही संघटना उभी केली. तस्करीतून वाचलेल्या मुलींनी स्वतः स्थापन केलेली आणि स्वतः चालवलेली ही संघटना. २०१३ मध्ये तिला रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला. ज्यांच्याबद्दल सगळे निर्णय इतरच घेत होते, त्या मुली आता इतर मुलींसाठी निवारे चालवत होत्या.

१९९६ ने दोन धडे दिले. छाप्याची तयारी करताना निवाऱ्याची तयारी आधी हवी. आणि सोडवलेली मुलगी कायम कुणाच्या तरी आश्रयाखालीच राहील, असं गृहीत धरू नये.

३. पहिले चोवीस तास

आता एक कल्पित उदाहरण घेऊ. मुलीला मीना म्हणू. जालना जिल्ह्यातलं गाव. आईवडील दर दिवाळीनंतर ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात जातात, मीना आजीजवळ राहते. गावातल्या ओळखीच्या बाईने "पुण्यात घरकाम आहे, महिना दहा हजार" असं सांगून तिला नेलं आणि विकलं. १० जानेवारी २०२५ च्या रात्री पोलिसांनी तिला सोडवलं. वय विचारल्यावर ती म्हणते, "एकोणीस." कुंटणखाना चालवणाऱ्या घरवालीने तेच पाठ करून घेतलं आहे. तिच्याजवळच्या आधार कार्डावरही तसंच आहे.

इथे पहिला निर्णायक प्रश्न येतो: मीना मूल आहे की प्रौढ? प्रौढ असेल तर अनैतिक व्यापार प्रतिबंधक कायद्याखाली, म्हणजे ज्याला सगळे 'पिटा' म्हणतात त्याखाली, तिला दंडाधिकाऱ्यासमोर नेतात. मूल असेल तर २०१५ चा बाल न्याय कायदा लागू होतो आणि प्रवासाचा वेळ सोडून चोवीस तासांच्या आत तिला जिल्ह्याच्या बालकल्याण समितीपुढे हजर करावं लागतं. या समितीत एक अध्यक्ष आणि चार सदस्य असतात. त्यांत किमान एक महिला असावीच लागते. समितीला प्रथम वर्ग न्यायदंडाधिकाऱ्याचे अधिकार असतात, पण ती कुणाला शिक्षा देत नाही. या मुलाचं हित कशात आहे, एवढंच ठरवते.

वय कसं ठरवायचं, याचा क्रम कायद्याच्या कलम ९४ मध्ये आहे. आधी शाळेचा जन्मतारखेचा दाखला किंवा दहावीचं प्रमाणपत्र. ते नसेल तर नगरपालिका, महापालिका किंवा ग्रामपंचायतीचा जन्मदाखला. दोन्ही नसतील तरच हाडांची वैद्यकीय तपासणी. मीनाच्या गावच्या शाळेच्या रजिस्टरमध्ये जन्मतारीख आहे १२ जून २००९. म्हणजे सुटकेच्या रात्री तिचं वय साडेपंधरा. आधार कार्ड या यादीत कुठेच नाही, त्यामुळे त्यावरच्या 'एकोणीस'ने फरक पडत नाही.

समजा, ती कधी शाळेत गेलीच नसती आणि जन्माची नोंदही नसती, तर? हाडांच्या तपासणीतून नेमकं वय कळत नाही. दोनेक वर्षांचा फरक पडू शकतो. डॉक्टरांनी '१७ ते १९' असं लिहिलं, तर न्यायालयं सहसा शंकेचा फायदा मुलाला देतात. एका आकड्यामुळे मुलीची वाट किती बदलते, हे दलालांना पक्कं माहीत असतं. खोटं आधार कार्ड त्यासाठीच काढलेलं असतं.

याच चोवीस तासांत दवाखानाही येतो. मुलीची तपासणी महिला डॉक्टरने करायची आणि त्या वेळी मुलीच्या विश्वासाची व्यक्ती जवळ हवी, असं मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणारा पॉक्सो कायदा सांगतो. इथे पुरावा गोळा करण्याइतकंच उपचारालाही महत्त्व आहे. जखमा, संसर्ग, गर्भधारणा, रक्तक्षय, क्षयरोग, सगळं पाहायचं असतं. समजूतदार डॉक्टर हात लावण्याआधी सांगते, "आता मी तुझं पोट तपासणार आहे. नको वाटलं तर थांब म्हण." मुलगी खरोखर "थांबा" म्हणाली आणि डॉक्टर थांबली, तर बऱ्याच दिवसांत पहिल्यांदाच तिच्या शब्दाला किंमत आलेली असते.

४. मग घरी का नाही पाठवत?

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे येऊ. मूल शक्य तोवर कुटुंबातच वाढावं, हे बाल न्याय कायद्याचं एक मूलभूत तत्त्व आहे. संस्था हा शेवटचा पर्याय. पण घरी पाठवण्याआधी ते घर तपासायला हवं. त्यासाठी होते ती गृहचौकशी. बाल संरक्षण कक्षातला किंवा एखाद्या संस्थेचा सामाजिक कार्यकर्ता गावी जातो, घरच्यांशी, शाळेशी, शेजाऱ्यांशी बोलतो आणि अहवाल देतो. या अहवालासाठी पंधरा दिवसांची मुदत आहे आणि समितीने आपला अंतिम आदेश चार महिन्यांत द्यायचा असतो.

गृहचौकशीत काय शोधतात? मुलगी गेली कशी, घरच्यांना माहीत होतं का, पैसे कुणी घेतले, ज्याने नेली तो अजून गावात आहे का, घरात तिला परत स्वीकारतील का, आणि ज्या अडचणीमुळे ती गेली ती अडचण सुटली आहे का.

मीनाच्या घरी चौकशीत असं निघतं: आईवडिलांना खरंच काही माहीत नव्हतं, त्यांनी शोधाशोधही केली होती. पण ज्या बाईने तिला नेलं, ती चार घरं पलीकडे राहते आणि जामिनावर सुटली आहे. वडिलांनी मुकादमाकडून उचल घेतली आहे. ती फिटेपर्यंत दोघांनाही कोयता सोडता येणार नाही, म्हणजे वर्षातले पाच-सहा महिने मीना पुन्हा म्हाताऱ्या आजीजवळ एकटी. अशा वेळी तिला लगेच घरी पाठवणं म्हणजे जिथून ती नेली गेली, नेमक्या त्याच जागी परत नेऊन ठेवणं. समिती मग दुसरे मार्ग तपासते. परतूरला मावशी आहे, तिच्याकडे राहून शाळा होऊ शकते का? मिशन वात्सल्य योजनेतून महिना ४००० रुपयांचं प्रायोजकत्व मिळेल का? तोवर बालगृहात ठेवून आईवडिलांना भेटीला बोलावता येईल का?

चौकशीचा आग्रह धरण्यामागे कटू अनुभव आहे. छाप्यानंतर 'काका', 'मामा', 'मोठी बहीण' म्हणवणारे लोक ताबा मागायला येतात, वकील लावतात. मुंबईतल्या कामाठीपुऱ्यात १९८६ पासून काम करणाऱ्या 'प्रेरणा' संस्थेने अशाच एका प्रकरणात उच्च न्यायालयात दाद मागितली होती. २००२ मध्ये न्यायालयाने स्पष्ट केलं की, सोडवलेल्या अल्पवयीन मुलींचा ताबा बाल न्याय कायद्याच्या चौकटीतच ठरेल, आणि ज्या वकिलाने आरोपींचं वकीलपत्र घेतलं आहे त्याला त्याच मुलींच्या वतीने उभं राहता येणार नाही. पिटा कायद्याच्या कलम १७अ मध्येही आईवडील किंवा पालक म्हणवणाऱ्याच्या हवाली करण्याआधी त्याच्या सच्चेपणाची चौकशी करण्याची तरतूद आहे.

मुलगी बांगलादेश किंवा नेपाळची असेल तर वाट आणखी लांबते. तिने सांगितलेला पत्ता तिकडे पडताळला जातो, नागरिकत्व पक्कं होतं, प्रवासाची कागदपत्रं येतात, मग ती निघते. यात महिने जातात. काहीही चूक नसताना थांबून राहण्याचा काळ लांबत गेला, की मुलीला निवाराच शिक्षा वाटू लागतो. त्यामुळे तिची फाइल कुठवर आली, हे तिला दर आठवड्याला सांगणं हासुद्धा आधाराचाच भाग आहे.

५. निवाऱ्याच्या आत

मीना बालगृहात आली. अधीक्षिका, काळजीवाहक, समुपदेशक, स्वयंपाकाच्या मावशी, सगळे तिच्याशी चांगले वागताहेत. तरीही ती जेवत नाही. दिवसा झोपते, रात्री जागी राहते. दुसऱ्या मुलीचा हात चुकून लागला तर अंगावर धावून जाते. सांगितलेल्या हकिकती दरवेळी बदलतात. बाहेरून पाहणाऱ्याला वाटतं, किती कृतघ्न आणि खोटारडी मुलगी!

यामागचं कारण शरीरात आहे. दीर्घकाळ धोक्यात राहिलेलं मूल सतत सावध राहायला शिकतं. पावलांचा आवाज, पुरुषाचा खोकला, दाराची कडी, प्रत्येक गोष्टीचा अर्थ 'आता काहीतरी होणार' असा लावायला त्याचा मेंदू सरावलेला असतो. जागा बदलली म्हणून हा सराव एका दिवसात सुटत नाही. भयानक प्रसंगांच्या आठवणीही अनेकदा सलग साठत नाहीत. तुकडे राहतात, क्रम राहत नाही. म्हणून हकिकत बदलली की ती खोटीच आहे, असं समजणं चूक आहे. आणि 'एकोणीस वर्षांची' हे उत्तर जसं जीव वाचवण्यासाठी पाठ केलेलं होतं, तशा आणखी काही गोष्टीही पाठ केलेल्या असतात.

भाताची लावणी केलेल्या माणसाला हे चटकन कळेल. तरव्यातून उपटून चिखलात लावलेलं रोप पहिले काही दिवस पिवळं पडतं, मान टाकतं. मूळ धरलं की नाही हे पाहायला शेतकरी ते पुन्हा उपटत नाही. पाणी राखतो, बांध सांभाळतो आणि वाट पाहतो. निवाऱ्यात पहिल्या दिवसापासून "काय झालं ते सगळं सांग" असं म्हणत राहणं म्हणजे रोप रोज उपटून पाहणं.

मग पाणी राखणं म्हणजे काय? एका चांगल्या निवाऱ्यातली पहिली संध्याकाळ पाहू. मीनाला नवा साबण, टॉवेल, दोन ड्रेस, आतले कपडे आणि सॅनिटरी पॅड मिळतात. ड्रेस तिने तीनांतून निवडायचे असतात. तिच्या लोखंडी कपाटाची किल्ली तिच्याकडेच राहते. काळजीवाहक ताई तिला सगळं घर हिंडून दाखवते: न्हाणीघराची कडी आतून लागते, स्वयंपाकघर इथे, रात्री पॅसेजमधला दिवा चालू राहतो. पलंग विचारून देतात. मीना भिंतीकडचा, दारावर नजर राहील असा पलंग मागते. ताई "का" असं विचारत नाही. जेवायला वरणभात आणि बटाट्याची भाजी आहे. तिने भाजी बाजूला सारली तरी कुणी बोलत नाही. शेवटी ताई सांगते, "उद्या सकाळी समुपदेशक मॅडम येतील. बोलावंसं वाटलं तर बोल, नाही वाटलं तर नुसती बस."

या सगळ्यात मोठा खर्च कशाचाच नाही. पण ड्रेस, पलंग, बोलणं की गप्प बसणं, हे सगळं मीनाने ठरवलं आहे.

पुढे बोलणं सुरू होतं ते आधी भलत्याच गोष्टींवरून. मेंदी, सिनेमा, गावची जत्रा. काही मुली चित्रांतून मोकळ्या होतात, काही शरीराच्या हालचालींतून. कोलकात्याच्या 'संवेद' संस्थेने तर नृत्य हेच उपचाराचं माध्यम केलं. ज्या शरीराची मुलीला किळस वाटू लागली होती, ते आपलं आहे हे तिला पुन्हा जाणवावं, हा त्यामागचा विचार. समुपदेशनाच्या जोडीला दिवसाची घडी हवी: शाळा किंवा सेतू वर्ग, खेळ, स्वयंपाकात हातभार, ठरल्या वेळी झोप. उद्या काय होणार हे आधी माहीत असलं, की सावधपणा हळूहळू सैल होतो.

आता दुसरा प्रश्न: मुली पळून का जातात? कारणं अनेक. कुणाला घरवालीचं 'कर्ज' खरंच आपल्या डोक्यावर आहे असं वाटतं. कुणाला घरी पैसे पाठवायचे असतात. कुणाला घरच्यांच्या नजरेची भीती असते. आणि ज्या माणसाने मारलं, त्यानेच कधी औषध आणलं, वाढदिवसाला केक आणला, म्हणून त्याच्याबद्दल मुलीला ओढ वाटते. मार आणि माया एकाच हातून मिळाली की अशी गाठ बसते. ती उपदेशाने सुटत नाही. दुसरीकडे विनाअट माया मिळत राहिली तर सैल होते. एक कारण मात्र निवाऱ्यांनी स्वतःकडे घ्यायला हवं: इथेही तिला कुलूप, शिट्टी आणि हुकूमच भेटला तर तिच्या दृष्टीने फरक काय राहिला? पळालेली मुलगी सापडल्यावर तिला शिक्षा न करता जेवायला वाढणारा निवाराच तिला दुसऱ्यांदा धरून ठेवू शकतो.

६. निवाऱ्यावर लक्ष कोण ठेवणार?

चार भिंतींच्या आत मुलं आणि सत्ता असलेली मोठी माणसं एकत्र आली, की धोका असतोच. मुंबईच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेच्या 'कोशिश' चमूने बिहारमधल्या निवाऱ्यांचं सामाजिक लेखापरीक्षण केलं आणि २०१८ मध्ये मुझफ्फरपूरच्या बालिकागृहातलं भयंकर लैंगिक शोषण उजेडात आलं. खटला दिल्लीत चालला. फेब्रुवारी २०२० मध्ये गृह चालवणाऱ्याला मरेपर्यंत जन्मठेपेची शिक्षा झाली. तिथल्या मुलींना सरकारी यंत्रणेनेच संरक्षणासाठी पाठवलं होतं.

म्हणून कायद्यात पहारे आहेत. मुलांना ठेवणारी प्रत्येक संस्था नोंदणीकृत असावी लागते. विनानोंदणी संस्था चालवणं हा गुन्हा आहे. जिल्ह्याच्या तपासणी समितीने ठरावीक काळाने भेट द्यायची असते, बालकल्याण समितीनेही. प्रत्येक गृहात मुलांची स्वतःची समिती आणि सूचनापेटी हवी. पण तपासणीला आलेल्या माणसाने फक्त रजिस्टर पाहिलं आणि चहा घेतला, तर त्याला काहीच दिसणार नाही. त्याने कर्मचाऱ्यांना बाजूला ठेवून मुलींशी बोलायला हवं. गेल्या महिन्यात मुलींच्या समितीने काय मागितलं आणि त्यातलं काय मिळालं, एवढं विचारलं तरी त्या घराचा खरा कारभार कळतो.

७. कोर्टाची पायरी

निवाऱ्यातल्या मुलीपुढचा सर्वांत अवघड दिवस साक्षीचा. २०१२ च्या पॉक्सो कायद्याने त्यासाठी खास सोयी केल्या आहेत. जबाब शक्यतो महिला अधिकाऱ्याने, गणवेश न घालता, मुलीच्या सोयीच्या जागी घ्यायचा. साक्षीच्या वेळी आरोपी तिला दिसू नये यासाठी पडदा किंवा व्हिडिओची सोय करायची. वकिलांनी प्रश्न थेट न विचारता न्यायाधीशांमार्फत विचारायचे, मध्ये विश्रांती द्यायची, चारित्र्यावर चिखलफेक होऊ द्यायची नाही. न्यायालयाने गुन्ह्याची दखल घेतल्यापासून तीस दिवसांत साक्ष आणि शक्यतो वर्षभरात खटला पुरा करायचा. प्रत्यक्षात तारखा पुढे जातात. सावरत आलेली मुलगी तारखेचं पत्र आलं की पुन्हा जेवण सोडते.

अशा वेळी कामी येते ती साहाय्यक व्यक्ती. पॉक्सोच्या नियमांनुसार बालकल्याण समिती ती नेमू शकते. खटला कुठवर आला हे मुलीला सांगणं, रिकामं कोर्ट आधी नेऊन दाखवणं, न्यायाधीश कुठे बसतील, तू कुठे उभी राहशील हे समजावणं, आणि साक्षीच्या दिवशी शेजारी असणं, हे तिचं काम. "आठवत नाही" हेही उत्तर असू शकतं, हे मुलीला आधी कुणी सांगितलेलं असलं की तिचा निम्मा धीर तिथेच येतो. भरपाईसाठी अर्ज करणं, अंतरिम रक्कम मागणं, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचा मोफत वकील मिळवणं, हेही याच टप्प्यावर व्हायला हवं. लैंगिक अत्याचाराला बळी पडलेल्या मुलींसाठी महाराष्ट्रात २०१३ पासून मनोधैर्य योजना आहे.

८. अठरावा वाढदिवस आणि त्यानंतर

कायद्याच्या दृष्टीने अठरा पूर्ण झाले की बालगृह सोडायचं. ज्या मुलीला घर नाही, तिच्यासाठी हा वाढदिवस धास्तीचा असतो. अशा मुलींना अठरानंतर राहण्यासाठी अनुरक्षणगृह आणि आर्थिक मदतीची तरतूद साधारण एकविसाव्या वर्षापर्यंत आहे. पण खरी तयारी सोळाव्या वर्षीच सुरू व्हायला हवी: बँकेत स्वतःच्या नावाचं खातं, ओळखपत्रं, जातीचा दाखला, एकटीने बसने जाऊन येण्याचा सराव, भाड्याच्या खोलीचा करार कसा वाचायचा याची माहिती.

आणि काम. पुनर्वसन म्हटलं की शिवणयंत्र, लोणची-पापड आणि मेणबत्त्या, ही आपली ठरलेली यादी. त्यातून महिन्याचा खर्च निघेल का, हे फार कमी ठिकाणी मोजलं जातं. गोव्यातलं उदाहरण पाहण्यासारखं आहे. वास्कोची बायणा वस्ती २००४ मध्ये पाडली गेली आणि तिथल्या बायकांपुढे पोटाचा प्रश्न उभा राहिला. तिथे काम करणाऱ्या 'अर्ज', म्हणजे 'अन्याय रहित जिंदगी' या संस्थेने 'स्विफ्ट वॉश' नावाची यांत्रिक लाँड्री उभारली. चादरी, टॉवेल, गणवेश धुवून-इस्त्री करून द्यायचे. कामाला होत्या तस्करीतून आणि शोषणातून बाहेर पडलेल्या बायका. गोव्यासारख्या पर्यटनाच्या राज्यात धुलाईला बाराही महिने मागणी. बाजारात खपणारं काम, ठरलेला पगार आणि सोबत समुपदेशनाचा आधार, ही सांगड इथे घातली गेली. मुलीला काय शिकवायचं हे ठरवताना दोन प्रश्न पुरेत: तिला हे काम आवडतं का, आणि यातून तिचं भाडं आणि जेवण निघेल का?

९. आपण काय करायचं?

कुठे मूल अडचणीत दिसलं, तर १०९८ वर फोन करावा. १९९६ मध्ये टाटा सामाजिक विज्ञान संस्थेच्या उपक्रमातून मुंबईत सुरू झालेला हा क्रमांक आज देशभर, चोवीस तास, विनाशुल्क चालतो. स्वतः सोडवायला जाऊ नये. त्यात मुलालाच धोका असतो. सोडवलेल्या मुलांचं नाव, फोटो, शाळा, गाव उघड करणं बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ खाली गुन्हा आहे. म्हणून व्हॉट्सॲपवर आलेला छाप्याचा व्हिडिओ 'मदत म्हणून' पुढे पाठवू नये, तो तिथेच पुसावा.

जवळच्या निवाऱ्याला मदत करायची असेल, तर वाढदिवसाचा केक कापून फोटो काढण्यापेक्षा काय हवं ते आधी विचारावं. बहुतेक ठिकाणी गणित आणि इंग्रजी शिकवणारं, वर्षभर न चुकता येणारं माणूस हवं असतं. दोन आठवडे जीव लावून नंतर न फिरकणारा पाहुणा या मुलींना फार त्रास देऊन जातो. वकील असाल तर एखाद्या मुलीच्या खटल्याच्या तारखा सांभाळता येतील. दंतवैद्य असाल तर महिन्याची एक सकाळ देता येईल. आणि अशी एखादी तरुणी उद्या तुमच्या दुकानात कामाला, वर्गात शिकायला किंवा खोली भाड्याने मागायला आली, तर इतर कुणालाही विचाराल तेवढंच तिला विचारा: काम येतं का, शिकायची तयारी आहे का, कधीपासून येणार?